एका वाघिणीचे पाणी

राष्ट्रीय आर्टिस्टिक रोलर स्केटिंग स्पर्धेचे यजमानपद लातूरने मागावे, असा प्रस्ताव मी आमच्याकडे स्केटिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे मांडला, तेव्हा पहिला प्रश्न एका आजोबांनी विचारला. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ नातीला रोज संध्याकाळी सरावाला घेऊन येतात आणि सहसा बोलत नाहीत. "मॅडम, टीव्हीवर दाखवतात ते बर्फावरचंच ना हे? मग बर्फाला पाणी कुठून आणायचं? आपण रेल्वेनं आलेलं पाणी पिलेली माणसं." आपला खेळ चाकांवरचा आहे, त्याला बर्फ लागत नाही, एवढे सांगून मला तो विषय तिथेच संपवता आला असता, पण प्रश्न मनाला लागला, कारण त्यात २०१६ चा सगळा उन्हाळा होता. त्या रात्री मी वही घेऊन बसले. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर अशा प्रश्नाला आकड्यांशिवाय उत्तर देणे मला जमत नाही.

फिगर स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी बर्फाचे मैदान ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, म्हणजे १,८०० चौरस मीटरचे असते. थर साधारण तीन सेंटिमीटरचा धरला तर ५४ घनमीटर बर्फ होतो, आणि बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याला सुमारे ४९,५०० लिटर पाणी पुरते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या जलदूत गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या आणि तिने पाच लाख लिटर पाणी आणले होते. म्हणजे एवढ्या मोठ्या मैदानाचा सगळा बर्फ हे त्या गाडीतल्या एकाच वाघिणीचे पाणी ठरते. स्पर्धेच्या काळात दर काही खेळाडूंनंतर यंत्राने बर्फाचा वरचा थर खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ हात फिरवावा लागतो. प्रत्येक वेळी त्याला चारशे-पाचशे लिटर लागतात. ३० अंशांचे पाणी गोठवण्यासाठी जेवढी उष्णता काढून घ्यावी लागेल तिचा हिशेब केला, तर चांगल्या शीतयंत्राला एका वेळच्या गोठवणीसाठी दोन ते अडीच हजार युनिट वीज लागेल असे दिसते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, कारण बाहेर लातूरचे ऊन असताना तो बर्फ उणे चार-पाच अंशांवर दिवसरात्र टिकवून धरायचा असतो. ज्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले त्या वर्षी ही एक वाघिणसुद्धा मागायला कोणी धजले नसते, आणि धजूही नये. तरीही आकडा हाती आल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसली: आपण ज्याला अशक्य म्हणून बाजूला सारतो त्यात पाण्याचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून फार लहान आहे.

आमचा खेळ या बर्फावरच्या खेळाचा सख्खा भाऊ आहे. चार चाकांचा बूट आणि त्याच्या पुढच्या टोकाला रबरी स्टॉपर, एवढाच फरक धरला तर उड्या त्याच, गिरक्या त्याच आणि संगीताला धरून शरीराने बोलण्याची रीतही तीच. १८८२ साली नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सेन यांनी जी उडी प्रथम करून दाखवली ती 'अ‍ॅक्सेल' आमची मुले कोटा फरशीवर शिकतात. फिगर स्केटिंगला ज्यावरून नाव मिळाले त्या 'फिगर', म्हणजे आखलेल्या वर्तुळावरून एका पायावर तोल सांभाळत अचूक फिरण्याचा प्रकार, बर्फावरच्या जागतिक स्पर्धांतून १९९० नंतर गेला. चाकांवरच्या खेळाने मात्र तो त्यानंतरही दीर्घकाळ सांभाळला. सहा मीटर व्यासाचे वर्तुळ फरशीवर खडूने आखून त्या रेषेवरून नजर न हलवता जाणारी नऊ वर्षांची मुलगी मी रोज पाहते. एखाद्या अवघड प्रमेयाची सिद्धता फळ्यावर नेमक्या जागी पूर्ण व्हावी, तसा आनंद मला ते पाहताना होतो.

यजमानपदाच्या अर्जाची तयारी करताना मी सर्वांत जास्त वाचले ते अमेरिकेतल्या स्पोकेन या शहराविषयी. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातले हे शहर कॅस्केड पर्वतरांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत वसलेले आहे. समुद्राकाठचे मोठे आणि श्रीमंत सिअ‍ॅटल तिथून साडेचारशे किलोमीटर दूर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसून मुंबईकडे पाहणाऱ्या आपल्याला ही मांडणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. स्पोकेनची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास आहे; आपले लातूर २०११ च्या जनगणनेतच सुमारे ३ लाख ८० हजारांवर होते. अशा या शहराने २००७ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा भरवली आणि सर्व सत्रांना मिळून दीड लाखांहून अधिक प्रेक्षक आले. तीन वर्षांनी, २०१० मध्ये, ती स्पर्धा पुन्हा स्पोकेनलाच मिळाली, आणि ते वर्ष व्हँकुव्हर ऑलिंपिकचे असल्यामुळे देशाचा ऑलिंपिक संघ त्याच स्पर्धेच्या आधारे ठरायचा होता. त्या वेळी पुरुष गटात दुसरे आलेले इव्हान लायसाचेक पुढच्याच महिन्यात ऑलिंपिक विजेते झाले.

मोठ्या शहरांना मागे टाकून हा मान एका आडवळणाच्या शहराला कसा मिळाला, याचा शोध घेताना मला महत्त्वाची वाटली ती त्याची चढण. १९७४ मध्ये या शहराने जागतिक प्रदर्शन भरवले, आणि तोपर्यंत असे प्रदर्शन भरवणारे ते सर्वांत लहान शहर होते. त्यामुळे पाहुण्यांना बोलावण्याचा आत्मविश्वास तिथे आधीपासून होता. २००२ मध्ये त्यांनी 'स्केट अमेरिका' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली, आणि राष्ट्रीय स्पर्धा त्यानंतर पाच वर्षांनी आली. मोठ्या महानगरात अशी स्पर्धा त्या आठवड्यातल्या दहा कार्यक्रमांपैकी एक असते. लहान शहरात ती त्या आठवड्याची एकमेव गोष्ट होते, आणि पहाटेच्या सरावालाही माणसे येऊन बसतात. खेळाडूला याचा फरक पडतो. चार मिनिटांचा कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांपुढे करणे किती कठीण असते, हे मी माझ्या मुलीच्या वेळी जवळून पाहिले आहे: एका राज्यस्तरीय स्पर्धेत ती शेवटच्या गटात उतरली तेव्हा सभागृहात पंच, स्वयंसेवक आणि आम्ही सात-आठ पालक उरलो होतो, आणि तिची सगळ्यात सुंदर गिरकी कुणाच्याही टाळीशिवाय संपली.

म्हणूनच लातूरच्या अर्जात मी प्रेक्षकांविषयीचा भाग सर्वांत आधी लिहिला आहे. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीचा फड ज्याने पाहिला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या या जिल्ह्यात हलगीच्या ठेक्यावर मांडी ठोकणाऱ्या पोराने ढाक टाकली की घिस्सा ओढला, हे मातीच्या कडेला उकिडवा बसलेला म्हातारा पैलवान खाली पडायच्या आत ओळखतो. असा डोळा असलेल्या गावाला लुत्झ आणि फ्लिप या दोन उड्यांमधला फरक शिकवणे अवघड नाही. दोन्ही उड्या मागे तोंड करून जाताना दुसऱ्या पायाचे टोक टेकवून घेतात. पण लुत्झमध्ये पाय बाहेरच्या कडेवर कललेला असतो आणि फ्लिपमध्ये आतल्या. उडण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणात कड बदलली की पंच गुण कापतात. हे एकदा दाखवून दिले की प्रेक्षक त्या अर्ध्या क्षणाची वाट पाहू लागतात आणि तिथून पुढे त्यांचे लक्ष कुठेही जात नाही. गेल्या वर्षभरात मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांसाठी असा तासभराचा वर्ग घेते आहे. सुरुवातीला सहा जण होते, आता चाळीसच्या वर येतात, आणि त्यांतले बरेच जण कोणत्याच खेळाडूचे नातेवाईक नाहीत.

जागेचा प्रश्न मात्र खडतर आहे आणि तो मी अर्जात झाकलेला नाही. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर बाय १५ मीटरचे असते. मोठ्या आर्टिस्टिक स्पर्धेला ५० बाय २५ मीटरची सपाट, सांधे नसलेली, छताखालची फरशी हवी. आपल्याकडच्या बहुतेक रिंक वेगाच्या शर्यतींसाठी बांधल्या आहेत, त्यांच्या कडा उचललेल्या असतात आणि त्या उघड्यावर असतात. पत्र्याच्या छताखाली संगीत घुमते आणि खेळाडूला ठेका ऐकू येत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ चाकाला लागली की कड निसटते, म्हणून दर दोन गटांमध्ये फरशी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसावी लागेल. उन्हाळ्यात स्पर्धा घेणे योग्य नाही. डिसेंबर हाच आपला महिना. राहण्याजेवणाची मला काळजी वाटत नाही, कारण बाहेरगावच्या हजारो विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे वेळेवर जेवू घालणाऱ्या खानावळी या शहरात आहेत, आणि परक्या गावच्या मुलाला रात्री ताप आला तर काय करायचे हे इथल्या वसतिगृहाच्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही.

काही पालकांचा आग्रह होता की आधी शासनाकडून मोठे संकुल मंजूर करून घ्यावे आणि मग अर्ज करावा. अनुशेषाची भाषा आपल्या तोंडी इतकी बसली आहे की हा विचार आधी सुचणे स्वाभाविक आहे, आणि मागणी चुकीचीही नाही. तरी मी डेहराडूनचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवले. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी 'हिमाद्री' ही बर्फाची बंदिस्त रिंक उभारली गेली, आणि स्पर्धा संपल्यावर ती दशकाहून अधिक काळ बंद राहिली. २०२५ मध्ये तिची दारे पुन्हा उघडली. त्या मधल्या वर्षांत दहा वर्षांची असलेली मुले बर्फावर पाय न ठेवता मोठी झाली असतील. इमारत स्पर्धेसाठी बांधली की स्पर्धेबरोबर तिचे काम संपते. रोज संध्याकाळी शंभर मुले ज्या फरशीवर पडतात, उठतात, त्या फरशीला कुलूप लावायची हिंमत कोणी करत नाही.

मुलांनी याआधीचा रस्ता दाखवलेला आहे, आणि तो फार दूरचाही नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनूपकुमार यामा यांनी आर्टिस्टिक स्केटिंगच्या एकेरीत कांस्यपदक मिळवले आणि अवनी पांचाल यांच्यासह जोडीतही कांस्यपदक मिळवले. यामा हैदराबादचे. पोलीस कारवाईपर्यंत आपले आजोबा-पणजोबा ज्या शहराला राजधानी म्हणत होते, लातूरहून सकाळी निघालेला माणूस आजही जिथे दुपारपर्यंत कामाला लागतो, त्या शहरातल्या मुलाने हे करून दाखवले.

तेव्हा बैठकीत ठरले ते असे. राष्ट्रीय स्पर्धेचा अर्ज तयार ठेवायचा. पण तो पाठवण्याआधी जिल्ह्याची आणि मग राज्याची आर्टिस्टिक स्पर्धा इथे मागायची, आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक, पंचांची सोय, संगीत आणि फरशी यांची लेखी नोंद ठेवून ती राष्ट्रीय अर्जाला जोडायची. याला चार-पाच वर्षे जातील. आज नऊ वर्षांची असलेली ती वर्तुळावरची मुलगी तेव्हा ऐन उमेदीत असेल.

फरशी म्हणून बाजारपेठेजवळचे एक जुने गोदाम पाहून ठेवले आहे. मालक वर्षभराच्या भाड्याने द्यायला तयार आहेत. आजोबांना मी पाण्याचा हिशेब दाखवला. वाघिणीच्या आकड्यावर ते बराच वेळ थांबले, मग वही मिटून म्हणाले, "आधी त्या गोदामाचा उतार बघू. जुन्या कोब्याला दोन बोटं तरी उतार असतोच." येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही मोजमापाला जाणार आहोत. पन्नास मीटरचा टेप मी आणणार आहे, आणि गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हल ट्यूब ते आणणार आहेत.