पोत्याच्या पोटातला दाणा

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात बाबा तुरीचं पोतं कधी वरून पाहत नाहीत. टोकदार पोकळ नळी पोत्याच्या पोटात खुपसतात, आतले दाणे तळहातावर घेतात, एखादा दाताखाली फोडतात. वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो, म्हणतात.

मागच्या महिन्यात माझ्यासमोर अशी दोन पोती होती. एमबीएच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या दोन ऑफर, दोन्ही मुंबईच्या, दोन्हींवर ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ लिहिलेलं. एक परदेशी बँक, गोरेगावला ऑफिस, महिन्याला ९० हजार. दुसरी फोर्टातली नऊ माणसांची मर्चंट बँक, म्हणजे कंपन्यांचे शेअर बाजारात आणून देणारी; २५ हजार. पहिला आकडा ऐकूनच आई बर्डीवर पेढे आणायला निघाली होती.

दोन्हीकडच्या एचआरनी ‘लाइव्ह डील’, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेला सौदा, हा शब्द इतक्यांदा वापरला की मी त्यांना विचारणंच सोडलं. दोन्हीकडचा गेल्या वर्षीचा एकेक इंटर्न शोधला आणि एकच प्रश्न टाकला: शेवटच्या आठवड्यात नेमकं काय केलंस?

मोठ्या बँकेतली मुलगी म्हणाली, लंडनच्या टीमसाठी पिचबुक, म्हणजे गिऱ्हाइकापुढे सौदा मांडायच्या स्लाइड्स. वीसेक कंपन्यांचे मल्टिपल (कमाईच्या किती पट किंमत) काढायचे, तक्त्यात भरायचे, रात्री अकराला तिकडून दुरुस्त्या आल्या की पुन्हा भरायचे. डीलचं पुढं काय झालं? तिला माहीत नव्हतं. एक्सेल मात्र झोपेतही येतं, असं म्हणाली, आणि ते खोटं नसावं.

फोर्टवाला म्हणाला, “भिवंडीत होतो. गोदामात. साठा मोजत होतो.”

त्यांचं बहुतेक काम एसएमई आयपीओचं, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायचं. त्याच्या माहितीपत्रकाच्या मसुद्याची छाननी बाजाराची नियामक सेबी नाही, स्टॉक एक्स्चेंज करतं. पण कंपनीची कागदपत्रं तपासली, अशा ड्यू डिलिजन्सच्या दाखल्यावर सही मर्चंट बँकरची. शिवाय इश्यूचा किमान १५ टक्के भाग त्याला स्वतःच्या खात्यावर अंडरराइट करावा लागतो, म्हणजे तो खपण्याची हमी घ्यावी लागते. विकला गेला नाही तर घ्या गळ्यात. म्हणून पुस्तकात लिहिलेला माल खरंच गोदामात आहे का, हे पाहायला पोरगं पाठवतात.

हे बाबांना सांगितलं तर ते हसतच सुटले. “साठाच मोजाचा आहे तर मुंबईले कायले जाऊन राहिली? कळमन्याच्या धान्यबाजारात चाल माह्यासोबत!”

पण रात्री जेवताना स्वतःच म्हणाले, “सही ज्याची, त्याच्यापाशी बस.”

फोर्टवाल्यांनी ४८ तास दिले होते. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, दोन्हीकडे हो म्हण, एक नंतर सोड. इतवारीत वाढलेल्या पोरीला हे जमत नाही. आमच्याकडे तोंडी सौद्यावर गाडी भरली जाते. मोठ्या बँकेला नकाराची मेल लिहिली, चार ओळींना दीड तास लागला. तिथं पीपीओ, म्हणजे शिक्षण संपायच्या आधीच पक्क्या नोकरीची ऑफर, मिळायची बरीच शक्यता होती, आणि ते जाताना दुखलंच. कॉलेजचं कर्ज काही दुकानातून फिटणारं नाही.

आईनं पेढे आणले नाहीत. दोन दिवस माझ्याशी फक्त “वरण वाढू का” एवढंच बोलली.

राहायचं डोंबिवलीला, आत्याकडे. आत्या लगेच “ये” म्हणाली. तिच्या सासूबाईंचं कळायचं आहे. सेवाग्राम एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, वेटिंग ४१.