तुम्ही विचारलंत म्हणून : "यात पुढे काय?"

सांगलीच्या मावशीने फोनवर विचारलं, गणपतीत भेटलेल्या मराठी मंडळींनी विचारलं, माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन-तीनदा येऊन गेलं. माझा लेक इथे आयर्लंडमध्ये, क्लेअर परगण्यातल्या आमच्या शाळेकडून हर्लिंग खेळतो. ते कळलं की आधी "म्हणजे हॉकी का?" आणि त्यामागोमाग, "पण यात पुढे काय?"

हॉकी नव्हे. काठी हॉकीसारखी दिसते, पण चेंडू जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. तो हाताने झेलता येतो, काठीच्या पसरट टोकावर तोलत पळता येतं, आणि पळता पळताच सत्तर-ऐंशी मीटर लांब मारता येतो. प्रत्येक बाजूला पंधरा जण. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक. मला विट्टी-दांडूची आठवण होते. विट्टी उडवून हवेतच टोला हाणायचा तो क्षण इथे तासभर चालू असतो, आणि समोरचाही त्याच चेंडूवर काठी फिरवत असतो.

आता "पुढे काय". पैसा नाही. या खेळात कुणालाच पगार नसतो, अगदी वरच्या पातळीवरही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांहून जास्त लोकांसमोर फायनल खेळलेला माणूस सुट्टी संपली की शाळेत गणित शिकवताना दिसू शकतो. आमच्या भागात असे शिक्षक आहेत, आणि पोरं त्यांच्या तासाला जरा ताठ बसतात.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

इथे क्लब ठरतो तो गावावरून, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून. आजोबा ज्या क्लबचे, त्याच क्लबचा नातू. शेजारच्या दोन गावांत शिवेवरून असावं तसं वैर असतं, आणि ते सप्टेंबरात मैदानावर पुरेपूर वसूल होतं. आम्ही इथे आलो तेव्हा लेक नऊ वर्षांचा होता. क्लबात सगळे प्रेमाने वागले, हे मनापासून सांगते. पण "तू कुणाचा?" या प्रश्नाला तिथे तीन पिढ्यांचं उत्तर लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं.

शाळेच्या संघात ते लागत नाही. सप्टेंबरात एकमेकांच्या बरगड्यांवर खांदे आपटणारी सात-आठ गावांची पोरं ऑक्टोबरात एकाच रंगाची जर्सी घालून एका बसमध्ये बसतात. त्या बसमध्ये सगळेच थोडे परके, म्हणून माझा पोरगा परका राहिला नाही. त्या वर्षी तो घरी येऊन पहिल्यांदा "आम्ही" म्हणाला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं.

मन्स्टर प्रांतातल्या शाळांची ही स्पर्धा म्हणजे डॉ. हार्टी कप. कॅशेलच्या आर्चबिशपांच्या नावाने 1918 पासून चालू आहे. तिथला विजेता पुढे देशभरच्या शाळांच्या क्रोक कपसाठी खेळतो, आणि तो कप किलकेनीच्या सेंट किअरन्स कॉलेजइतक्या वेळा दुसऱ्या कुणी नेलेला नाही. या खेळातला नावाजलेला खेळाडू हेन्री शेफलिन तिथलाच. पण हार्टीची खरी जादू लहान गावांत कळते. 2022 मध्ये आमच्याच क्लेअरमधल्या टला नावाच्या छोट्या गावातल्या शाळेने तो पहिल्यांदा जिंकला. पुढच्याच वर्षी कॅशेलच्या शाळेने, तोही पहिल्यांदाच. टलाने कप आणला त्या आठवड्यात इथल्या दुकानात, पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. टला आमची शाळा नाही, तरी मला भरून आलं होतं.

लेकाचं शेवटचं वर्ष या हिवाळ्यात होतं. ऑक्टोबरात गटातले सामने, बहुतेक बुधवारी दुपारी. मी रजा टाकून जायची. नोव्हेंबरात सरावाला त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीवर काठी बसली, हाड मोडलं. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे, बोटांना मात्र कवच नसतं. पाच आठवडे तो मैदानाच्या कडेला बाटल्या भरत उभा राहिला, एकही सराव न चुकवता. घरी यायचा आणि डाव्या हाताने घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. टक, टक. पावसातही.

त्याची काठी मी नीट हातात घेऊन पाहिली ती त्या दिवसांत. इथे तिला हर्ली म्हणतात. ती ॲश नावाच्या झाडाची असते, आणि झाडाच्या कुठल्याही भागाची चालत नाही. बुंधा जिथे मुळाकडे वळतो, तिथलंच लाकूड लागतं. तिथे रेषा मुळाबरोबर वळलेल्या असतात, आणि त्याच रेषा काठीच्या वाकड्या टोकात सलग उतरतात, म्हणून ती मार सोसते. बोट फिरवलं की ते वळण जाणवतं. टोकाला पत्र्याची पट्टी, मुठीला गुंडाळलेली टेप, ती घामाने काळी पडलेली. या झाडांना आता एक बुरशी मारते आहे. आयर्लंडमध्ये ती 2012 मध्ये सापडली. बांबूच्या आणि कृत्रिम काठ्या आल्या आहेत, पण लेकाला ॲशचीच हवी. आमच्या गावाजवळचे काठ्या बनवणारे आजोबा ताजी काठी नाकाशी धरून हुंगतात आणि मगच हातात देतात.

जानेवारीत उपांत्यपूर्व सामना होता, मॅलोच्या मैदानावर. गवत इतकं ओलं की बुटाखाली पचपच वाजत होतं. समोर कॉर्कची शाळा. लेक बावीस नंबरची जर्सी घालून बाकावर. शेवटची आठ मिनिटं उरली असताना त्याला आत घेतलं, तेव्हा आपण एका गुणाने मागे होतो. आठ मिनिटांत त्याला चेंडू एकदाच मिळाला. दोघांच्या मधून त्याने तो काठीवर उचलला (जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही), चार पावलांच्या आत तळहाताने डावीकडे ढकलला, आणि डावीकडच्या पोराने तो दांडीवरून मारला. पांढऱ्या कोटातल्या माणसाने पांढरं निशाण वर केलं. बरोबरी!

तो डावीकडचा पोरगा शेजारच्या गावचा. सप्टेंबरात याच दोघांची मैदानावर जुंपली होती आणि पंचाला मध्ये पडावं लागलं होतं. आता त्याने पळत येऊन लेकाच्या हेल्मेटवर कपाळ आपटलं. माझ्या शेजारी त्याची आजी उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला, आणि सामना संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटच्या मिनिटात कॉर्कने एक गुण घेतला. आम्ही हरलो.

वर्ष शेवटचं, त्यामुळे पोरांचं हार्टी तिथेच संपलं. मैदानाच्या मधोमध ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल करून उभी राहिली. रडत होती, आणि ते लपवत नव्हती. त्यातली एक-दोन कदाचित परगण्याच्या संघात जातील. बाकीची आपापल्या क्लबात परततील, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा एकमेकांना भिडतील. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी आधी हात काढत नव्हतं.

जर्सी शाळेची असते. मी ती दोनदा धुतली, कोपरावरचा हिरवा डाग गेला नाही. सोमवारी त्याने घडी करून परत दिली. बावीस नंबर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचा.

तर मावशी, पुढे जूनमध्ये बारावीसारखी परीक्षा आहे, मग कॉलेज. अभ्यास चालू आहे. परवा तुझा फोन आला तेव्हा तू मध्येच म्हणालीस ना, "अगं, तो मागे कसला आवाज येतोय?" मी खिडकी लावून घेतली होती, तरी ऐकू गेला तुला. भूगोलाचा एक धडा संपला की तो दहा मिनिटं मागच्या भिंतीपाशी जातो. आता उजव्या हाताने.