बोकडाची मुंडी भिंतीवर लावायची तर

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक खरं डोकं असावं, ही माझी जुनी इच्छा. हरणाचं म्हणाल तर विषयच संपला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट कितीही दिसोत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. मेलेलं सापडलं तरी ते सरकारचं. हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. म्हणून उस्मानाबादी बोकड घेतला. याला तडजोड म्हणू नका. काळवीट चितळापेक्षा शेळीच्याच जवळचा नातलग. दोघांचीही शिंगं पोकळ, आत हाडाचा गाभा, आणि जन्मभर तीच. चितळाची गळतात. परदेशात हरणाचं डोकं ज्या रीतीने सोलतात, तीच रीत इथे चालते.

खरं अवघड काम खाटकाला पटवायचं. पुढून उभी चीर द्यायची आणि मुंडी भाजायला टाकायची, हे त्यांच्या हाताचं वळण. मला तर गळ्याची बाजू अखंड हवी होती, कारण भिंतीवर तीच दिसते. ‘‘भाजायची न्हाई, गळा फाडायचा न्हाई, मग काय करालाव वो सर तिचं?’’ हलालची आडवी चीर येणारच होती. ती आतून शिवली की केसांत लपते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हा उद्योग करूच नये. कातड्याला ऊब लागली की ते कुजू लागतं आणि केस मुठीने सुटतात. मी गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, थंडीतली पहाट धरली.

सोलायच्या आधी टेप लावून मापं घेतली: नाकाच्या टोकापासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत, आणि कानांमागे मानेचा घेर. कातडं ज्यावर चढवायचं तो डोक्याच्या आकाराचा साचा यांवरूनच निवडतात. मग खांद्यांच्या मागून गोल चीर, तिथून मानेच्या पाठीवरून वर, आणि शेवटी प्रत्येक शिंगाच्या बुडाशी एक फाटा. खांदा-मान झरझर सुटते. चेहऱ्याला मात्र घाई चालत नाही. डोळ्याशी आलो की डावं बोट बाहेरून पापणीत घालून ठेवायचं आणि पातं हाडाला घासत चालवायचं. बोटाला धार जाणवली तर थांबायचं. ओठ आतल्या गुलाबी कातडीसकट काढायचे, कारण पुढे तीच साच्यात दुमडतात. कान तर मोज्यासारखे टोकापर्यंत उलटे करावे लागतात. नाहीतर मीठ आत पोचत नाही आणि कानाचे केस सगळ्यात आधी जातात.

मांस-चरबी खरवडून बारीक मीठ चोळलं. खडेमीठ नको, ते सगळीकडे सारखं बसत नाही. अंदाजे कातड्याच्या वजनाइतकं मीठ लागतं. फळी तिरकी ठेवली, पाणी निथळू दिलं, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं घातलं. वाळवायला सावलीच हवी. उन्हात कातडं कडक होऊन चिरतं.

शिंगांखालचा कवटीचा तुकडा करवतीने कापून घेतला आणि उकळला. शिंगाची वरची खोळ सैल झाली की हाडाच्या गाभ्यापासून उपसायची, आतलं सगळं साफ करायचं, वाळल्यावर पुन्हा बसवायची. हे टाळलं तर वास येत राहतो. मुंडीचा रस्सा हुकला म्हणून घरी बोलणी बसली, ते वेगळंच.

कमावणं आणि साच्यावर चढवणं कारागिराचं काम. त्याच्याकडे कातडं गोणपाटात गुंडाळून पाठवलं, मापांचा कागद सोबत. प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर ओल धरतं.