सुपारीचं प्यादं

दुपारी माळ्यावरची पितळी परात काढायला चढले आणि खाली उतरले ती बुद्धिबळाची पेटी घेऊन. परात वरच राहिली.

पेटी सागवानी, सरकत्या झाकणाची. झाकण एका टोकाला अडतं, तिथे अंगठा दाबून जरा तिरकं ओढावं लागतं. चाळीस वर्षांनी हाताला ते बरोबर आठवलं. चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं. आत ३१ मोहरे आणि एक सुपारी.

सुपारी म्हणजे काळ्याचं आठवं प्यादं. मूळ प्यादं माझ्या भावाने मोरीत सोडलं. मोरीचं पाणी नदीला मिळतं का, हे त्याला बघायचं होतं. आजोबांनी त्याला काही म्हटलं नाही. पानाच्या डब्यातून एक सुपारी घेतली, बुडाशी चाकूने तासून सपाट केली आणि पटावर उभी केली. सांगलीच्या त्या घरात बुद्धिबळ अडून राहणं शक्यच नव्हतं. त्या गावात दर चौथ्या घरी पट असायचा, आणि उरलेल्या तीन घरांतली माणसं त्या चौथ्या घरी जाऊन चाली सुचवायची.

रविवारी दुपारी तात्या यायचे. तात्यांना विचार करताना हाताला चाळा लागे. एकदा डाव भलताच अडला होता. तात्यांचा वजीर कोपऱ्यात कोंडलेला, आजोबा मांडी बदलून बदलून बसतायत, मी आणि भाऊ श्वास धरून. आणि त्या शांततेत 'कट्ट' असा अडकित्त्याचा आवाज झाला.

"तात्या, तुम्ही माझं प्यादं खाल्लंत."

तात्यांनी पटाकडे पाहिलं, हातातल्या खांडाकडे पाहिलं. "मग? चाल माझीच होती की."

"चाल तुमची होती, पण त्याला घोड्याचा जोर होता!"

यावर पाऊण तास वाद झाला. तोवर तात्यांनी उरलेलं प्यादंही चघळून संपवलं. शेवटी डब्यातून नवी सुपारी आली, तिचं बूड तासलं गेलं आणि डाव पुढे चालू झाला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

पण मी बसले होते झाकण बघत. झाकणाच्या आतल्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने राष्ट्रीय विजेत्यांची यादी लिहिली आहे. अक्षर मुंगीएवढं. पहिली ओळ : '१९५५ एलुरू – सप्रे, वेंकय्या.' आंध्रातल्या एलुरूला ही पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पहिलाच मान रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या या दोघांत वाटला गेला. आजोबांना हे कधीच पटलं नाही. निकाल लागल्याशिवाय पट उचलायचा नाही, हा त्यांचा घरचा कायदा. मग देशाच्या पहिल्या अजिंक्यपदाला दोन धनी कसे? यादीत त्यांनी सप्रे आधी लिहिलेत आणि अक्षर किंचित मोठं काढलंय. भिंग घेऊन पाहिलं. मोठं आहेच.

पुढची वर्षं एकाआड एक. सुरुवातीला स्पर्धा दोन वर्षांनी व्हायची हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं की मधल्या वर्षी आजोबा लिहायला विसरले. मग मॅन्युएल आरोन सुरू होतात. १९५९ ते १९८१ या काळात हा माणूस ९ वेळा जिंकला. पहिल्यांदा आजोबांनी पूर्ण नाव लिहिलं, पुढच्या खेपेला 'आरोन', आणि नंतर कंटाळून नुसतं 'आ.' देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय मास्टर, १९६२ साली स्टॉकहोमला पोर्टिश आणि उलमान या ग्रँडमास्टरांना हरवून आलेला, आणि आमच्या झाकणावर त्याचा झाला 'आ.'

आजोबांचा खरा राग मात्र प्याद्यांच्या उडीवर. ते देशी पद्धतीत वाढलेले. प्यादं एका वेळी एकच घर चालणार, राजाला शह बसला नसेल तर त्याने आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरं जावं, प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचाच मोहरा व्हावं. 'पहिल्याच चालीला दोन घरं उडी? प्यादं आहे का बेडूक?' त्यांच्या बाजूने साक्षीला नेहमी एकच माणूस यायचा, सुलतान खान. देशी रीत शिकून विलायतेत गेला आणि तिथली राष्ट्रीय स्पर्धा १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा जिंकला. तिथे त्याला विलायती नियमांनीच खेळावं लागलं, हे तात्या दर वेळी सांगत आणि आजोबांना ते दर वेळी ऐकू येत नसे.

झाकणाच्या डाव्या अंगाला दुसरा रकाना आहे. निळ्या शाईचा, अक्षर आजीचं. आजीने जन्मात पटाला हात लावला नाही; मोहरे तिच्या लेखी केर काढताना सापडणाऱ्या वस्तू होत्या. पण १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेरा वर्षांची मुलगी. गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही असा निर्वाळा दिला. आजोबांनी हे सगळं पेपरातून मोठ्याने वाचून दाखवलं. आजी गहू निवडत होती. म्हणाली, "कोर्टानं सांगितलंय, तर आता तुमच्या झाकणावर जागा होईल का पोरींना?"

आणि तिने स्वतःच रकाना पाडला. थेट १९७४ पासून, म्हणजे बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तिथपासून. पहिली दहा वर्षं जेतेपद खाडिलकर भगिनींच्या घराबाहेर गेलंच नाही. पहिलं वासंतीचं, मग जयश्री आणि रोहिणीचा लपंडाव. आडनाव एकच असल्याने आजीने ते एकदाच वर लिहिलं आणि खाली नुसती नावं, किराणा मालाच्या यादीसारखी. एका नावापुढे तिने 'छान' असं लिहिलंय. कशासाठी, देव जाणे. आमच्या सांगलीच्या साठ्यांची भाग्यश्री जिंकली त्या ओळीला मात्र हळदीचं बोट लागलंय. ते मुद्दाम होतं असं भाऊ म्हणतो. मला वाटतं, आजी स्वयंपाकघरातून तशीच उठून आली असणार.

उजवीकडे तोवर प्रवीण ठिपसे आलेले. मध्ये १९८६, ८७, ८८ अशा तीन ओळी आनंदच्या. पुढे जगज्जेता झालेल्या माणसाच्या नावावर झाकणात तीनच ओळी. विमान पकडायच्या घाईत स्टेशनवर चहा प्यावा तसा तो आमच्या यादीतून गेला. ठिपसे सात वेळा. आणि १९९४ ला दोन्ही रकाने समोरासमोर येतात : पेन्सिलीत ठिपसे, निळ्या शाईत ठिपसे. प्रवीण आणि भाग्यश्री. नवरा-बायकोची मिळून बारा विजेतेपदं. त्याखाली झाकण संपतं. सूर्यशेखर गांगुली २००३ पासून ओळीने सहा वेळा जिंकला, त्याला लिहायला एक अख्खी फळी जोडावी लागली असती.

मुक्ता, माझी भाची, मोबाइलवर खेळते. एक डाव तीन मिनिटांचा. तिने झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, यात दिव्या कुठंय?" नागपूरची दिव्या देशमुख. २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा मुक्ता शाळेत पेढे घेऊन गेली होती. म्हटलं, "जागा नाही गं." तर म्हणाली, "मग बाहेरून लिही." हे आजोबांना सुचलं नव्हतं.

मग पट मांडला. मुक्ताने सुपारी उचलली आणि ती तिच्या बोटांत भुगा झाली. आतून किडीने पार पोखरलेली. घरात आता पान कोणीच खात नाही, त्यामुळे सुपारी फक्त देवघरात. मुक्ता ती घेऊन आली आणि मागोमाग वहिनी.

"अगं, गणपती आहे तो! परवाच्या पूजेतला!"

"मग याला राजा करू?"

वहिनीने क्षणभर खरंच विचार केला. "नको. राजाला मात होते."

शेवटी लसणीची पाकळी घेतली. ती उभी राहत नाही. आडवी ठेवून खेळतोय.