जाहिरात न करता पक्षकार जोडणं : आमची वाटचाल

वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांची नियामक संस्था; तिच्या नियमांतला 36 वा नियम त्याबद्दल फारशी मोकळीक ठेवत नाही. परिपत्रक, जाहिरात, दलाल, ओळख नसताना घेतलेल्या भेटी, चालवलेल्या खटल्याच्या निमित्ताने छापून आणलेला फोटो, यांतल्या कशानेही काम मागायचं नाही. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. अशा व्यवसायासाठी वकील-पक्षकार संपर्काचं काम करणारी आमची छोटी फर्म नाशिकमध्ये कशी उभी राहिली आणि कशावर चालते, हे आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा वकील विचारतो. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

सुरुवात डीटीपीच्या दुकानातून झाली. जुन्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ), जिल्हा न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं. हिरव्या लेजर पेपरची रिमं भिंतीला लावून ठेवलेली असायची. टायपिंग होईपर्यंत पक्षकार बाकावर बसून राहायचे. कुणी सुरगाण्याहून, कुणी पेठहून, कुणी कळवणहून सकाळच्या एसटीने आलेलं. आणि त्यातले कितीतरी जण मलाच विचारायचे, "ताई, आज आमच्या केसमध्ये काय झालं, तुम्हाला काही कळलं का?"

त्यांचे वकील चांगले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांचे अर्ज मीच टाइप करत होते. युक्तिवादाची तयारी, निवाडे काढणं, सगळं मनापासून चालायचं. पण पुकारा झाला, पाच मिनिटांत तारीख पडली, वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात पळाले आणि पक्षकार व्हरांड्यात उभाच. आत काय घडलं हे त्याला सांगायला कुणी नव्हतं. आपल्या जमिनीचं काय चाललंय हे टायपिस्टला विचारायची वेळ माणसावर येऊ नये, असं मला तेव्हा फार वाटायचं. आजही वाटतं.

2008 मध्ये नियम 36 मध्ये दुरुस्ती झाली आणि वकिलांना वेबसाइट ठेवायला परवानगी मिळाली. मजकूर मात्र ठरलेला: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी आहे ते, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र. धाकट्या भावाला संगणकाचं चांगलं ज्ञान होतं. आम्ही दोघांनी मिळून अशा वेबसाइट बनवायला घेतल्या. 'उत्तर महाराष्ट्रातील अग्रगण्य', 'शंभर टक्के यश' असं काही घालून द्या म्हणणारे भेटायचे. आम्ही नियम उघडून दाखवायचो आणि तेवढंच पान बनवायचो. काही जण दुसरीकडे गेले. जे थांबले त्यांच्याबरोबर आजही काम चालू आहे.

खरं सांगायचं तर त्या वेबसाइटमुळे फारसे पक्षकार आले नाहीत. नाशिकसारख्या शहरात माणूस वकील शोधताना आधी मेव्हण्याला विचारतो, मग गावच्या सरपंचाला, मग आपल्या सीएला. या तिघांपैकी कुणीतरी त्याच्या आधी त्या वकिलाकडे गेलेलं असतं. त्या माणसाला वकिलाकडे कसा अनुभव आला, यावर पुढचं सगळं ठरतं. हे लक्षात आल्यावर आम्ही वेबसाइटचं काम मागे ठेवलं आणि वकिलाच्या कार्यालयाच्या आत शिरलो.

पहिलं काम तारखेच्या निरोपाचं. पद्धत साधी आहे. तारीख ज्या दिवशी, त्याच संध्याकाळी पक्षकाराला निरोप गेला पाहिजे. त्यात तीनच गोष्टी: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, आणि त्या दिवशी तुम्ही यायचं की नाही. नमुना असा: "आबा, आज तुमच्या दाव्यात मनाईच्या अर्जावर दोन्ही बाजूंचं बोलणं झालं. त्यावर हुकूम पुढच्या तारखेला (इथे ती तारीख घालायची) होईल. त्या दिवशी तुम्ही आला नाहीत तरी चालेल, हुकूम झाला की फोन करतो." यातलं शेवटचं वाक्य पक्षकाराला सगळ्यात मोलाचं वाटतं. सुरगाण्याच्या माणसाची एक तारीख म्हणजे दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि वर जेवणाचा खर्च. 'यायची गरज नाही' हे त्याला आधीच कळलं तर त्याचा वकिलावरचा विश्वास जेवढा वाढतो, तेवढा कुठल्याही भारी कार्यालयाने वाढत नाही.

निरोप पाठवायचा वकिलाच्या कारकुनाने, आम्ही नाही. हा आमचा पहिल्यापासूनचा दंडक. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं गुप्त राहावं म्हणून कायद्याने संरक्षण दिलं आहे. पूर्वी ते पुरावा कायद्यात होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. वकिलाचे कारकून आणि नोकर यांचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. आमच्यासारख्या बाहेरच्या फर्मचा नाही. म्हणून आम्ही मसुदे तयार करून देतो, कारकुनाला शिकवतो, डायरीचे रकाने आखून देतो, पण फाइल उघडत नाही.

त्या रकान्यांवर आम्ही बरीच मेहनत घेतली आहे. वकिलांच्या डायरीत मागची तारीख, पुढची तारीख आणि टप्पा एवढं असतंच. आम्ही त्यात आणखी दोन रकाने घातले: निरोप कुणाला द्यायचा, आणि कसा. वाटपाच्या दाव्यात चार भावांपैकी तिघे एका बाजूला असतात, त्यातला फोन उचलणारा आणि समजून घेणारा एकच असतो. कुणाचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि निर्णय तोच घेतो. कुणाला वाचता येत नाही, त्यांना आवाजी निरोप लागतो. बागलाण, कळवण, मालेगावच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एका कार्यालयातला कारकून अहिराणीतच निरोप बोलून पाठवतो. तो स्वतः सटाण्याचा आहे. त्याचे निरोप ऐकून पक्षकार उलट फोन करतात, घरचं काय काय सांगतात.

कौटुंबिक वादांत तर 'कसा' हाच रकाना आधी भरावा लागतो. पोटगीचा अर्ज केलेली बाई सासरीच राहत असेल, किंवा फोन नवऱ्याच्या नावावर असेल, तर तारखेचा साधा निरोपही तिला महागात पडू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं: कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी फोन उचलला तर काय बोलायचं. बहिणीचा नंबर, शाळेतल्या बाईंचा नंबर, 'दुपारी दोन ते तीन, फक्त फोन, मेसेज नको', असं सगळं तिथे लिहिलेलं असतं. ज्या वकीलताईंच्या कार्यालयात आम्ही हे पहिल्यांदा सुरू केलं, त्यांच्याकडे आता बायका एकमेकींना घेऊन येतात.

ई-कोर्ट्सचं ॲप आलं तेव्हा एका ज्येष्ठ वकीलसाहेबांना काळजी वाटली. सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, टाकून पक्षकार स्वतःच तारीख बघायला लागला तर त्याला आपली गरज काय उरणार? आम्ही त्यांना उलटच सुचवलं: तो क्रमांक तुम्हीच पक्षकाराला द्या, ॲप कसं बघायचं ते कारकुनाकडून दाखवून घ्या. आता 'तारीख कधी?' हा प्रश्न कमी झाला आणि 'साक्षीच्या वेळी मला काय विचारतील?' असे प्रश्न सुरू झाले. साहेबांना असेच पक्षकार आवडतात.

2020 मध्ये कोर्टं जवळजवळ बंद झाली, तेव्हा निरोपांची खरी परीक्षा झाली. अपिलाची मुदत संपेल या भीतीने माणसांची झोप उडाली होती. सर्वोच्च न्यायालयाने मुदतीचा काळ मोजायचाच नाही असा आदेश दिला आणि पुढे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ वगळला. हा आदेश पक्षकाराला समजेल अशा चार ओळींत लिहून कार्यालयांनी पाठवला. पुढे कित्येक महिने काही काम नसतानाही ते पक्षकार टिकून राहिले.

आता वकिलांच्या आपापसातल्या ओळखींबद्दल. नेटवर्किंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हॉटेलातला कार्यक्रम आणि व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण येते. आपल्या जिल्ह्यात वकिलाकडे काम येतं ते बहुधा दुसऱ्या वकिलाकडून. तालुक्याच्या कोर्टातला निकाल विरोधात गेला की अपील जिल्हा न्यायालयात येतं, तिथून पुढे मुंबई उच्च न्यायालयात. तालुक्याचा वकील आपला पक्षकार विश्वासाने नाशिकच्या वकिलाकडे सोपवतो. त्यानंतर त्याला काहीच कळत नाही, आणि वर्षभराने तोच पक्षकार नवं काम घेऊन परस्पर नाशिकला जातो. तालुक्याचा वकील हे विसरत नाही.

यासाठी आमच्याबरोबर काम करणाऱ्या वकिलांच्या कार्यालयांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळायच्या. अपील दाखल झालं, स्थगिती मिळाली, निकाल लागला, अशा प्रत्येक टप्प्यावर पाठवणाऱ्या वकिलालाही पत्र. आणि त्या पक्षकाराचं नवं काम आलं तर आधी तालुक्याच्या वकिलाला फोन. यात नुकसान होतं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. निफाड, येवला, मालेगावकडून वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे अपिलं येत आहेत, त्या वकिलांची कार्यालयं मी पाहिली आहेत. तिथे ही शिस्त आमच्याही आधीपासून होती. आम्ही ती तिथूनच शिकलो.

उद्योजक आणि शेतकरी यांच्यासाठी माहितीच्या बैठकाही आम्ही घडवून आणतो. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदाराचं कायमचं दुखणं म्हणजे मोठ्या कंपनीकडे अडकलेले पैसे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे कित्येकांना माहीतच नसतं. दिंडोरी, पिंपळगावकडे विषय वेगळा: द्राक्षाच्या हंगामात व्यापारी माल उचलतो, चेक देतो, चेक परत येतो. 'पुढच्या आठवड्यात देतो' या शब्दावर शेतकरी थांबतो आणि मुदत निघून जाते. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. या तीन मुदती गावच्या देवळासमोर फळ्यावर लिहून वकीलसाहेब समजावतात. तिथे कार्ड वाटायचं नाही, कुणाची फाइल हातात घ्यायची नाही, 'माझ्याकडे या' म्हणायचं नाही. प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि निघायचं. कायदा नीट समजावून सांगणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात.

पैशांबद्दल थोडं. आम्ही दरमहा ठरलेली रक्कम घेतो. पक्षकारामागे टक्केवारी घेत नाही, घेणारही नाही. वकिलाला आपल्या फीतला वाटा वकील नसलेल्याला देता येत नाही, हे नियमातच आहे. तरीही तसे प्रस्ताव येत राहतात. 2023 च्या दुरुस्तीने ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दलालांविरुद्धचं कलम 45-अ आलं, आणि 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवण्यावर कडक निकाल दिला. त्यानंतर पोर्टलवरची आपली पानं काढून द्या म्हणून आम्हाला फोन आले. त्यातले काही पूर्वी 'सर्वांत वर नाव' देण्याच्या आश्वासनावर आम्हाला सोडून गेलेले होते. आम्ही ती पानं काढायला मदत केली आणि त्यांच्या कारकुनांना निरोपाची पद्धतही शिकवली.

फीबद्दलचं माझं मत ठाम आहे. पक्षकार खटला हरल्यामुळे जेवढा दुरावतो, त्याहून जास्त खर्चाचा हिशेब न कळल्यामुळे दुरावतो. कोर्ट फी स्टॅम्प, समन्सचा भत्ता, नकलांचा खर्च, टायपिंग हे सगळं वकिलाच्या फीमध्ये मिसळलं की त्याला वाटतं, साहेब दर तारखेला पैसे मागतात. म्हणून पहिल्याच भेटीत दोन रकान्यांचा कागद द्यायचा, एकात वकील फी, दुसऱ्यात कोर्ट खर्च, आणि प्रत्येक रकमेची पावती.

निकालाच्या दिवसाचाही आमचा एक कागद आहे. निकाल काय लागला, नकलेसाठी अर्ज कोणत्या तारखेला केला, अपिलाची मुदत किती (जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90) आणि मूळ खरेदीखत, सातबारा, फेरफाराचे उतारे परत मिळाल्याची सही. हरलेल्या पक्षकारालाही हा कागद त्याच दिवशी आणि वकिलाने स्वतः समोर बसवून द्यायचा. कारकुनावर सोपवायचा नाही, एवढा एकच आग्रह आम्ही ज्येष्ठांकडेही धरतो.

सध्या आम्ही नव्याने सनद घेतलेल्या ज्युनिअर वकिलांसाठी महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी बसतो. डायरीचे रकाने, निरोपाचे मसुदे, फीचा कागद, सगळं त्यांना मोफत देतो. 2027 च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवसांत शहरातले रस्ते बंद असतील. त्या आठवड्यांतल्या तारखांना बाहेरगावच्या पक्षकारांनी कसं आणि कुठून यायचं, याचे निरोप आत्तापासून लिहायला घेतले आहेत. कोकणी (तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, गोव्याची कोकणी नव्हे) बोलणाऱ्या सुरगाणा-पेठच्या पक्षकारांसाठी आवाजी निरोप रेकॉर्ड करायला त्या भागातला कुणी ज्युनिअर असेल, तर तो आम्हाला हवा आहे.