मिशिगनचा आवाज: स्टूजेसचा 'फन हाऊस'

डेट्रॉइटच्या परिसरात राहतो म्हटलं की संगीताची आवड असलेला माणूस हमखास मोटाउन या इथल्या सोल संगीताच्या कंपनीचं नाव काढतो, आणि त्यात चूक काहीच नाही. पण हा प्रदेश, म्हणजे इथले कारखाने, लांबलचक सरळ रस्ते, हिवाळ्यातलं राखाडी आभाळ, हे सगळं एका तबकडीत ऐकायचं असेल तर मी द स्टूजेस या बँडचा 'फन हाऊस' लावतो. जुलै १९७० मध्ये आलेला हा त्यांचा दुसरा अल्बम. सात गाणी, साधारण ३६ मिनिटं. आला तेव्हा फारसा खपला नाही आणि पुढच्याच वर्षी इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने बँडला सोडून दिलं. आज मात्र पंकवाले आणि हार्ड रॉकवाले दोघंही आपलं घराणं सांगताना इथपर्यंत मागे येतात.

ही पोरं डेट्रॉइट शहरातली नव्हेत, पश्चिमेला तासाभरावर असलेल्या अ‍ॅन आर्बर आणि इप्सिलांटी भागातली. गायक इगी पॉप, म्हणजे जेम्स ऑस्टरबर्ग, इप्सिलांटीजवळच्या ट्रेलर पार्कमध्ये वाढला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं अरुंद घर. वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुलाला ड्रम्स वाजवायचे होते आणि ते ठेवायला जागा नव्हती, तेव्हा आईवडिलांनी स्वतःची झोपायची खोली त्याला देऊन टाकली. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इगीचं नाव पुढे उघड्या अंगाने रंगमंचावर लोळणारा, प्रेक्षकांत उडी घेणारा वेडा गायक म्हणून झालं. मला त्याच्याबद्दल वाचताना आधी ती खोली आठवते.

ड्रमर म्हणून तो आधी गावातल्या बँडमध्ये वाजवत होता. मग ब्लूज शिकायला शिकागोला गेला, तिथल्या सॅम ले यांच्यासारख्या कृष्णवर्णीय वादकांजवळ बसला, आणि परत आला तो एक गोष्ट मनाशी पक्की करून: त्यांची नक्कल करायची नाही, आपल्या गावातल्या, आपल्या वयाच्या पोरांचं जगणं ज्यात येईल असं काहीतरी वाजवायचं. गिटारवर रॉन अ‍ॅशटन, ड्रम्सवर त्याचा धाकटा भाऊ स्कॉट, बेसवर त्यांचा मित्र डेव्ह अलेक्झांडर. सगळे अ‍ॅन आर्बरच्या कडेला एका जुन्या फार्महाऊसमध्ये एकत्र राहायचे. त्या घरालाच ते 'फन हाऊस' म्हणत.

आवाजाची मुळं तर अगदी इथल्या मातीतली आहेत. लहानपणी इगीने डिअरबॉर्नचा फोर्डचा रिव्हर रूज कारखाना पाहिला होता, आणि तिथल्या प्रचंड यंत्रांचा दणका आपल्या कानात कायमचा राहिला असं त्याने सांगितलं आहे. माझं बालपण भोसरीच्या एमआयडीसीला लागून गेलं. पॉवर प्रेसचा आवाज आमच्या गल्लीत दिवसभर असायचा, आणि दुपारी वीज गेली की अचानक पडलेल्या शांततेनेच जाग यायची. त्यामुळे या अल्बममधल्या 'लूज' गाण्यातली ती ठाम, परत परत पडणारी थाप ऐकली तेव्हा ती मला परकी वाटली नाही. पुण्या-चिंचवडहून इथे आलेल्या आम्हा बहुतेक मराठी लोकांना गाड्यांच्या धंद्यानेच आणलं आहे. इथली गाणी याच धंद्याच्या शेजारी जन्मली, हे इथे येईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

शब्दांचा काटकसरीपणाही इथलाच. डेट्रॉइटच्या टीव्हीवर पन्नासच्या दशकात सूपी सेल्स नावाचा विनोदी कलाकार मुलांचा कार्यक्रम करायचा. तो मुलांना सांगायचा, मला पत्र लिहा, पण पंचवीस शब्दांत किंवा त्याहून कमी. इगी गाणी लिहिताना तोच नियम पाळायचा म्हणतो. म्हणून या अल्बमच्या गाण्यांत कविता शोधू नये. एखादं वाक्य घ्यायचं आणि ते खरं वाटेपर्यंत म्हणत राहायचं, अशी ती रीत आहे.

आता ध्वनिमुद्रणाबद्दल, कारण सगळी जादू तिथे आहे. मे १९७० मध्ये बँड लॉस एंजेलिसला इलेक्ट्राच्या स्टुडिओत गेला. निर्माता होता डॉन गॅलुची. त्याने त्यांचा कार्यक्रम पाहिला होता आणि हे सगळं टेपवर येणारच नाही असं त्याला आधी वाटलं होतं. स्टुडिओची पद्धत अशी की प्रत्येक वाद्य वेगळं ठेवायचं, मध्ये पडदे लावायचे, एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये जाऊ द्यायचा नाही. या मंडळींनी सगळं उलटं केलं. पडदे काढले, सगळे एका खोलीत रंगमंचावर उभं राहावं तसे उभे राहिले, इगीने मायक्रोफोन हातात घेतला आणि एकत्र वाजवलं. गिटारचा आवाज इगीच्या मायक्रोफोनमध्ये घुसला, ड्रम्स सगळीकडे पसरले, आणि ते तसंच ठेवलं. साधारण एका दिवशी एक गाणं, पुन्हा पुन्हा, मनासारखं होईपर्यंत.

हे पुन्हा पुन्हा वाजवणं महत्त्वाचं आहे. १९९९ मध्ये त्या दिवसांच्या सगळ्या टेप्स सात सीडींच्या संचात बाहेर आल्या. तो संच ऐकला की या बँडबद्दलचा मोठा गैरसमज उरत नाही. वाजवता न येणारी, नशेत तर्र असलेली पोरं आली, गोंधळ घातला आणि नशिबाने काहीतरी चांगलं निघालं, असं अनेकजण समजतात. टेप्समध्ये ऐकू येतात ती एकेका गाण्याची गती किंचित बदलून बघणारी, शेवट कुठे करायचा ते ठरवणारी, एकमेकांकडे लक्ष ठेवणारी चार-पाच माणसं. इतका ओबडधोबड आवाज काढायला किती मेहनत लागते, हे मला तिथे कळलं, आणि तेव्हापासून या अल्बमवरचं माझं प्रेम आदरात बदललं.

आपल्या कानाला हे संगीत कुठून धरावं? तबल्याच्या एकल वादनात लेहरा जसा न हलता फिरत राहतो आणि त्याच्या आधारावर तबलजी मनसोक्त खेळतो, तसं इथे रॉनची गिटार आणि डेव्हचा बेस एकच छोटा तुकडा धरून बसतात. त्यावर इगीचा गळा खेळतो: किंचाळतो, घुरघुरतो, कुजबुजतो. 'टीव्ही आय' मध्ये तर सुरुवातीच्या आरोळीनंतर गिटार जो तुकडा पकडते तो सुटतच नाही. 'डर्ट' सात मिनिटांचं आहे आणि संथ आहे. त्यात बेस ऐका. जोराने वाजवणारे लोक थांबून वाजवू लागतात तेव्हा जी ताकद दिसते, ती या गाण्यात आहे, आणि माझ्या मते अल्बममधलं हेच सर्वात श्रेष्ठ गाणं.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला स्टीव्ह मॅके हा सॅक्सोफोनवादक येतो. '१९७०' गाणं निम्म्यावर आलं की त्याचं वाद्य असं फुटतं की पहिल्यांदा ऐकताना मी खुर्चीतून उठलो होतो. इगीच्या कानात त्या काळी फंकवाला जेम्स ब्राउन आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन दोघंही होते, आणि शीर्षकगीतात दोघंही ऐकू येतात. शेवटचं 'एल. ए. ब्लूज' म्हणजे जवळपास पाच मिनिटं निव्वळ कोलाहल. ना ताल, ना चाल. काहींना ते सहन होत नाही आणि मला त्यांचं म्हणणं समजतं, पण आधीच्या सहा गाण्यांनी बांधून ठेवलेलं सगळं तिथे मोकळं होतं, म्हणून ते मला हवंच असतं.

यानंतर बँडचं फार वाईट झालं. त्याच ऑगस्टमध्ये मिशिगनच्या गूस लेक महोत्सवानंतर डेव्हला काढून टाकलं. तो १९७५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. हेरॉइनने बाकीच्यांनाही पोखरलं. पण तबकडी फिरत राहिली. १९७७ मध्ये लंडनच्या द डॅम्ड बँडने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये '१९७०' वाजवलं, २००० मध्ये रेज अगेन्स्ट द मशीन या बँडने 'डाऊन ऑन द स्ट्रीट' केलं. डेट्रॉइटचाच पोरगा, रॉक गिटारवादक जॅक व्हाइट या अल्बमला सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम मानतो. डेट्रॉइटच्या कॅस कॉरिडॉर भागात त्याच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्सचं दुकान आहे. तिथे काचेपलीकडे तबकड्या छापणारी यंत्रं चालताना दिसतात. २०२० मध्ये या कंपनीने गूस लेकच्या त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध केलं. इकडे कुणी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच.

या संगीताला लोक संताप म्हणतात. मला त्यात संताप फारसा सापडत नाही. विशीतल्या पोरांचा कंटाळा, वासना आणि शनिवारी संध्याकाळी कुठेतरी निघण्याची घाई सापडते, आणि या सगळ्याची लाज न बाळगता ते मोठ्याने वाजवण्याचा आनंद सापडतो. असा आनंद मला माझ्या कॉलेजच्या वयात हवा होता.

ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बेस मरतो. घरात कुणी झोपलेलं नसताना, जरा बऱ्या स्पीकरवर, 'डाऊन ऑन द स्ट्रीट' पासून क्रमानेच ऐका. पहिल्या बाजूची चारही गाणी संपेपर्यंत मत बनवू नका, आणि 'डर्ट' आवडलं की नाही तेवढं मला नक्की लिहा.