तुम्ही विचारलंत म्हणून: आपली आगरी बोली येते तर बोलत का नाही?

हळदीला, लग्नात, अगदी २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं, म्हणजे आमच्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं, नाव द्या म्हणून मानवी साखळीत उभा होतो तेव्हासुद्धा एका पोराने विचारलंच, काका तुम्ही घणसोली गावठाणातले ना, मग आगरी का नाही बोलत? मी दरवेळी सांगतो, सवय गेली. ते खोटं आहे.

पाचवीला मामाकडे ठाण्याला शिकायला गेलो, १९६८ साली. आमच्या तोंडात गाडीची गारी आणि घोड्याचा घोरा. मी वाचायला उभा राहिलो की वर्गात आधीच खसखस पिकायची. मे महिन्यात घरी आलो की बापूस मिठागरात मीठ ओढत असायचा आणि मी बांधावरून गाडी, घोडा, वडा घोकत फिरायचो. सहा महिन्यांत ड बसला आणि मला त्याचा अभिमान वाटला. का वाटू नये? गावातली पोरं ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांत हेल्पर म्हणून लागली, मी ऑफिसात लागलो. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यावर घर त्याच पगारावर चाललं. १९८४ च्या जानेवारीत उरणला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली तेव्हा हा ऑफिसात ड्युटीवर होता, असंही लोक ऐकवतात. होतो. घरात खाणारी सात तोंडं होती.

पण आईचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

२००३ ला तिला वाशीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले, मराठीच. त्यांनी विचारलं, आजी काय होतंय? ती म्हणाली, "पोटान आग परते." आणि मी मध्येच, पोटात जळजळ होते म्हणतेय. त्यांनी विचारलं, कधीपासून? तिने सांगितलं, मी परत तेच शुद्ध करून सांगितलं. मराठीचं मराठीत! डॉक्टरांना कळत होतं, ते तिच्याकडे बघूनच मान हलवत होते, मला ते दिसत होतं तरी माझं तोंड थांबेना. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे बघितलं. हातात पदराचं टोक होतं, ते ती बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "त्यो मराठीच हाय नं रं? मंग तू मधी कनाला बोलतंस?"

रागावली नव्हती, खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर डॉक्टर आले की ती फक्त मान हलवायची, हो किंवा नाही. अकरा दिवस. दुखतंय कुठे ते बोटाने दाखवायची. नर्सशी मात्र बोलायची, मी बाहेर गेलो की. दाराबाहेरून ऐकू यायचं.

मुलांना मी शिकवलं नाही ते त्यांच्या भल्यासाठी, असं मी वीस वर्षं म्हणत आलो. अर्धं खरं असेल. ठाण्याच्या वर्गातला तो दहा वर्षांचा मुलगा चुकला असं मला आजही म्हणवत नाही, त्याला दुसरं काय सुचणार होतं? पण हॉस्पिटलातला मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, तिथे कोण हसणार होतं मला?

परवा हळदीला परत एकाने विचारलं. म्हटलं, येतं की. तो खूश झाला, मी काहीतरी बोलेन म्हणून समोर थांबून राहिला. मला घशाला कोरड पडलेली. मी पाणी मागितलं. पानी नाही, पाणी.